एका वॉर्मरमधली दोन बाळं

बाळाला ऊब देणारा तो वॉर्मर आधी सिद्धम्मांच्या नातवाचा होता. माझी मुलगी नंतर आली. एका कडेला तो, दुसऱ्या कडेला ही, आणि मध्ये गुंडाळलेला टॉवेल. तरी रात्रीतून दोघांचे पाय एकमेकांना लागायचेच. सरकारी दवाखाना, वॉर्मर बारा, बाळं एकोणीस. खाजगीवाल्यांनी दारातूनच 'जागा नाही' सांगितलेलं, त्यामुळे मला तो अर्धा वॉर्मरही खूप वाटला होता.

सिद्धम्मा दुधनीच्या. त्यांची सून अक्षता वरच्या मजल्यावर होती, टाके पिकलेले, म्हणून खाली आजीच बसून. मराठी त्यांना जेमतेम. माझं माहेर अक्कलकोटचं, कन्नड घरातलंच; डॉक्टर काय म्हणाले ते मीच त्यांना सांगायचे.

गुरुवारी पहाटेपासून फिनेलचा वास. पडदे बदलले. ऋतुजा सिस्टर सांगोल्याकडच्या, बारीक चणीच्या, एरवी हसतमुख. त्या दिवशी नाही.

"वरनं टीम येणार हाय तपासणीला. एका मशीनला एकच बाळ, असा नियम हाय की. जादाची सात तुमी छातीशी धरा. मायेची ऊब मशीनपेक्षा बरी."

"किती वेळ?" मी विचारलं.

"तासभर. आन् हे बघा ताई, दोन-दोन ठेवलेली सापडली तर जादाची दुसरीकडं हलवा म्हणतील. कुटं हलवू? माझ्या खोलीवर नेऊ?"

"कुणाला हलवतील?"

"शेवटी आलेल्यांना."

रजिस्टर तिथंच उघडं होतं. शेवटचं नाव आमचं होतं.

सिस्टरनी दोघांचे तक्ते पाहिले. "तुमची बाराशे ऐंशी, आजींचा चौदाशे दहा. आजींचा बाहेर."

मी आजींना कन्नडमधून सांगितलं, तासभरच. त्यांनी नातवाला पोलक्याच्या आत घेतलं, वरून पदर घट्ट ओढला.

अकराला येणारी टीम दोनला आली. मध्ये मी दोनदा त्याच्या तळव्याला हात लावला. दुसऱ्यांदा सिस्टरना म्हटलं, "गार लागतोय हो."

"आता नका ना. गेटवर गाडी आलीय."

साहेब वयानं फार नव्हते, बोलणं मऊ. हातात टॅब. एकेक वॉर्मर मोजला, भिंतीवरचा तक्ता वाचला, मग आजींसमोर वाकून म्हणाले, "काय आजी, काही अडचण?"

सिद्धम्मांनी माझ्याकडे एकदा बघितलं आणि एका दमात कन्नडमध्ये सांगितलं. एकाच मशीनमध्ये दोन लेकरं ठेवतात. आज सकाळी याला बाहेर काढलं. हे पाय बघा, दगड झालेत. साहेबाला सांग यव्वा, म्हणावं अजून मशीन द्या. आणि पदरातून त्याचा पाय काढून त्यांनी पुढे धरला.

"काय म्हणतायत?" साहेबांनी मला विचारलं.

सगळे माझ्याकडे बघत होते. सिस्टर फरशीकडे. काचेपलीकडे माझी मुलगी वॉर्मरमध्ये एकटी होती, छाती भरभर हलत होती.

"सोय चांगली आहे म्हणतायत," मी म्हणाले. "नातवाला घरी कधी नेऊ, विचारतायत."

"अरे वा!" साहेब त्या पायाकडे बघून हसले. "लवकरच, आजी." टॅबवर बोट टेकवलं आणि पुढच्या बाईकडे गेले.

अडीचला त्याला परत आत ठेवलं. मशीन वाजायला लागलं, सिस्टरनी बंद केलं, पुन्हा वाजलं. तक्त्यावर त्यांनी तापमान लिहिलं ते मी वाचलं. चौतीस पॉइंट एक. त्यांनी मला वाचताना बघितलं.

शनिवारी सकाळी तो गेला. डॉक्टर म्हणाले, फुप्फुसं पहिल्यापासूनच कच्ची होती. असतील. मला बी.एस्सी.ला प्राणिशास्त्र होतं, पण तेवढ्यावरून ठरवता येत नाही. मी ठरवायचा प्रयत्न करते, रोज.

जायच्या आधी सिद्धम्मा माझ्याकडे आल्या. लोकरीची पिवळी टोपी होती, त्यांनीच विणलेली, त्याला मोठी होत होती. माझ्या हातात ठेवली. "तुझ्या लेकीला घाल."

मग माझा दंड धरून म्हणाल्या, "यव्वा, त्या दिवशी साहेबाला नीट सांगितलंस ना?"

"हौद," मी म्हणाले. हो.

"मग येईल मशीन." त्यांनी डोळे पुसले. "आपल्याला नाही, तर दुसऱ्या कुणाच्या लेकराला होईल."

त्या जिन्यानं वर गेल्या, सुनेला आणायला. मी काचेशी उभी राहिले. मधला टॉवेल सिस्टरनी काढून टाकला होता. मुलगी मधोमध ठेवलेली. एका मशीनला एकच बाळ. तिचा डावा पाय मात्र कडेला सरकत होता, काहीतरी लागेल म्हणून.