आडव्या पन्हळी

लिमाच्या समुद्री हवेतला क्षार भिंतींतून फुलून येतो. फिदेन्सिओच्या घरातल्या पॅसेजच्या भिंतीवरही दर हिवाळ्यात त्याची पांढरी पूड साचे. यंदा मात्र निवृत्त भूमापक असलेल्या फिदेन्सिओला त्या पुडीत एक रेषा दिसली: कमरेच्या उंचीवर, झोपण्याच्या खोलीपासून स्वयंपाकघरापर्यंत सलग पुसलेली. त्याची बायको सोराइदा भिंत चाचपत चालत होती. तिची दृष्टी मंदावत होती आणि ती ते लपवत होती. कोणी हात धरून चालवलेले तिला तरुणपणीही खपले नव्हते. भिंतीला नक्षीदार पॅनेल लावू या, एवढेच तो म्हणाला.

सुर्किल्योतल्या दुकानात येसेनिया नावाच्या विक्रेतीने नमुने मांडले.

"शिंपले सुरेख आहेत," सोराइदा म्हणाली.

समोर विटांची नक्षी होती. येसेनियाने तोंड उघडले. फिदेन्सिओने घाईने तिला अडवले.

"सुरेख आहेत, पण शिंपल्यांत धूळ बसते."

मग डोळे मिटून त्याने एकेका नमुन्यावरून बोटे फिरवली. विटा नखांना खरवडत होत्या. लाटांच्या नक्षीवर हात भरकटत होता. उभ्या पन्हळींचा नमुना त्याने आडवा केला, तेव्हा बोट खाचेत बसले आणि सरळ टोकापर्यंत गेले.

"हाच. पण आडवा लावायचा, कमरेच्या उंचीला."

"आडवा? काका, पन्हळी उभ्याच लावतात. आडव्या लावल्या की छत बुटकं दिसतं."

"छताकडे बघतंय कोण?"

सोराइदाने नमुन्यावर हात ठेवला. तिची बोटे खाचेतून टोकाला गेली, परत आली आणि तिथेच थांबली.

"म्हाताऱ्या, कधीपासून माहीत आहे तुला?"

"हिवाळा लागल्यापासून."

"आणि इतके दिवस तोंडात मिठाची गुळणी धरून बसलास?"

"तू बोलत नव्हतीस, म्हणून मीही बोललो नाही."

तिने नाक ओढले. येसेनिया उगाचच नमुने सारखे करू लागली.

"रंग राखाडी घेऊ," फिदेन्सिओ हळूच म्हणाला. "मळकट दिसत नाही."

"राखाडी तुझ्या कबरीला लाव. पोरी, लुकुमा फळाच्या गरासारखा पिवळा आहे का गं? रंग दिसतात मला अजून."

पिवळ्या रंगाचा फिदेन्सिओला मनापासून तिटकारा होता, आणि राखाडीच्या बाजूने निदान चार मुद्दे त्याच्यापाशी तयार होते. ते त्याने गिळले आणि खिशातून मापांचा कागद काढून येसेनियाला वाचून दाखवला. झोपण्याच्या खोलीपासून स्वयंपाकघरापर्यंतचे अंतर त्यावर बोटभरही चूक न होता टिपलेले होते.

"स्वयंपाकघरापर्यंतच?" सोराइदा म्हणाली. "न्हाणीघर काय पाप करून बसलंय? तिथपर्यंत ने."

फिदेन्सिओने येसेनियाकडून पेन्सिल मागून घेतली आणि मापात आणखी तीन मीटर मिळवले.