जुनी डबी

जुनं संपल्याशिवाय नवं फोडायचं नाही, हा आमच्या घरात माझा कायदा. साबण, चहापूड, टूथपेस्ट, सगळ्याला लागू. पेट्रोल पंपावरही मी तोच चालवला आणि तिथेच माती खाल्ली.

पाळी बदलताना जमिनीखालच्या टाकीत काठी सोडून पेट्रोल मोजायचं, हे पंपावरचं माझं काम. काठीच्या टोकाला पेस्ट लावायची. टाकीत पाणी शिरलं असेल तर तिचा रंग बदलतो. पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळायला लागले, तेव्हा साहेबांनी नवी पेस्ट आणून दिली. म्हणाले, "इथेनॉल पाण्याला ओढून घेतं आणि दोघं मिळून तळाला बसतात. जुन्या पेस्टला ते कळत नाही." मी मान डोलावली. जुनी डबी अर्धी शिल्लक होती ना!

त्या दिवशी दुपारी पंपाची फरशी धुतली आणि मग मी काठी सोडली. पेस्टचा रंग होता तसाच. टाकी ठणठणीत, असं सांगून मोकळी झाले.

तासाभराने एक टॅक्सीवाला गाडी ढकलत आला.

"ताई, पेट्रोल भरलंत की पाणी? दोन चौकसुद्धा गेली नाही!"

"गाडी म्हातारी झाली की पेट्रोलला नावं ठेवायची," मी फटकारलं.

तरी त्याचं तोंड बंद करावं म्हणून नळीखाली काचेची बाटली धरली. बघता बघता बाटलीत आडवी रेघ उमटली. वर पिवळसर, खाली गढूळ. धावत जाऊन टाकीचं झाकण पाहिलं, तर त्याचं रबर एका बाजूने दुमडलेलं. फरशीचं पाणी तिथूनच आत गेलं होतं.

आणि शाळेकडे जाताना माझा नवरा इथेच पेट्रोल भरून गेला होता. तो शाळेची व्हॅन चालवतो, मुलं त्याला व्हॅनकाका म्हणतात. आता शाळा सुटली होती. नऊ मुलं घेऊन तो बोगद्याकडे निघाला असणार. लांबच लांब बोगदा, आत कडेला घ्यायला जागा नाही, आणि मागून ट्रक सुसाट येतात.

साहेबांना पंप बंद करायला सांगून मी फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. तो उचलणारच नव्हता. गाडी चालवताना फोन घेतलात तर माझं मेलेलं तोंड बघाल, अशी शपथ मीच घातली होती.

मी स्कूटर काढली आणि बोगद्याच्या रस्त्याला लागले. एवढी भीती मला बाळंतपणातही वाटली नव्हती. प्रत्येक वळणापुढे उलटलेली व्हॅन दिसायची. जवळ गेल्यावर ती भलतीच कुठली तरी टपरी निघायची.

बोगद्याच्या अलीकडे, कडेला, व्हॅन उभी होती. तो नुकताच बॉनेट आपटून आत बसला. खिडकीतून एक चिमुरडी मला ओळखून हात हलवायला लागली. इंजिन खोकललं, सुरू झालं, आणि व्हॅन पुढे सरकली.

मी स्कूटर आडवी घातली.

"वेड लागलंय का तुला?" तो ओरडला.

मी खिडकीतून हात घालून किल्ली काढून घेतली.

"अगं, दोनदा बंद पडली होती. प्लग पुसले, वायरी हलवल्या, आत्ता कुठे सुरू झाली. निघू दे, घरी सगळे वाट बघत असतील."

"पेट्रोल पाहिलंत?"

तो हसला. "ते कशाला बघू? दुपारी तूच मोजलंस ना?"

बोगद्यातून एक ट्रक बाहेर पडला आणि आमची व्हॅन हादरली.

"मोजलं," मी म्हणाले. "जुन्या डबीने."

माझा कायदा त्याच्याइतका कोणाला ठाऊक? त्याने एकदा बोगद्याकडे पाहिलं, एकदा मुलांकडे. मागचं दार उघडून तो एकेकाला हाताला धरून खाली उतरवायला लागला.