बेचाळीस किलोमीटर गूळपाणी

दारी आलेल्याला वृंदावहिनींनी गूळपाण्याशिवाय कधी सोडलं नाही; विजेचं मीटर बघायला येणाऱ्यालासुद्धा नाही. मग खुद्द नवरा मॅरेथॉन पळणार म्हटल्यावर काय विचारता! राजधानीतल्या द्वारकेतलं अख्खं मराठी मंडळ त्यांनी रस्त्याच्या कोपऱ्याकोपऱ्यावर उभं केलं. प्रत्येकाच्या हाती तांब्या आणि गुळाचा खडा.

भालचंद्रराव केंद्र सरकारात सेक्शन ऑफिसर, आणि स्वभावाने महाभिडस्त. लताकाकूंचं पाणी घेतलं आणि अविनाशचं नाकारलं, तर मंडळात वर्षभर तोच विषय. त्यामुळे तहान असो नसो, दिसेल तो तांब्या त्यांनी रिकामा केला. पळणं कमी, पिणंच जास्त.

शेवटच्या वळणावर वहिनी स्वतः होत्या. भालचंद्रराव झोकांड्या खात आले, थांबले आणि म्हणाले, "मॅडम, फाइल वर पाठवलीय. सोमवारी या."

"अहो, मी वृंदा!"

"सोमवारी," असं बजावून ते फुटपाथवरच आडवे झाले.

ऊन लागलं असणार, म्हणून वहिनी पाणी पाजायला वाकल्या, तोच शर्यतीच्या वैद्यकीय तंबूतली डॉक्टर धावत आली. "रुकिए! पानी बिल्कुल नहीं!" तिनं भालचंद्ररावांना आत नेलं, रक्त तपासलं आणि वहिनींना सुनावलं: पाण्यानं रक्तातलं मीठ पार पातळ झालंय, मेंदूला सूज येतेय, आणखी तांब्याभर गेलं असतं तर जिवावर बेतलं असतं.

वहिनी मटकन खाली बसल्या. आपणच पाजलं, आपणच! शिरेतून मिठाचं कडक सलाइन सुरू झालं. नवऱ्याचा सुजलेला हात धरून त्या सारख्या विचारत होत्या, "अहो, मी कोण?"

बऱ्याच वेळानं मंडळाचे अध्यक्ष दत्तात्रयराव बाटली घेऊन आत शिरले, मागे सगळा गोतावळा. "वहिनी, भालचंद्ररावांच्या घशाला कोरड पडली असेल हो. दोन घोट..."

"खबरदार!" वहिनी ताडकन उठल्या. "एक थेंब आत आला तर तंगडी मोडीन! आणि लताकाकू, पदराआडचा तांब्या दिसतोय मला!"

अध्यक्षांनी चाचरत विचारलं, "मी तरी पिऊ?"

"घरी जाऊन प्या!"

"वृंदा, अगं हळू," खाटेवरून क्षीण आवाज आला. "अध्यक्ष आहेत ते."

वहिनींना रडूच फुटलं. "मी कोण म्हणालात?"

"वृंदा. अध्यक्षांवर ओरडायची दुसऱ्या कुणाची बिशाद आहे?"

वहिनींनी डोळे पुसले आणि अध्यक्षांवर आणखी एकदा, जरा मोठ्यानंच ओरडून घेतलं.