निरुपमा मॅडमचा किन्ना

"मॅडम, किन्ना तुम्हीच बांधा. तिकडे राहून माझा हात बिघडलाय," म्हणत सलीलने पतंग आणि दोरा निरुपमाच्या टेबलावर ठेवला. "चार वाजता गच्चीवर क्लास आहे. जयवंतरावसाहेबही येणारेत."

जयवंतराव विभागप्रमुख. ते का येणार हे निरुपमाला ठाऊक होते. यांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला विमानशास्त्राचा 'स्पेशल टॉपिक' चालायचा आणि गेली बारा वर्षे तो तिचा होता. वाडी भागातल्या घरून पायी यायचे, फळ्यावर पंखाचा छेद काढायचा, आणि उत्तरायणाच्या, म्हणजे संक्रांतीच्या, आधी मुलांना गच्चीवर नेऊन पतंग उडवून दाखवायचा. यंदा तिचाच विद्यार्थी सलील अमेरिकेहून परतला आणि कोर्स एका सत्रापुरता त्याला 'करून बघायला' मिळाला. आजचा वर्ग पाहून तो कायमचा कोणाचा ते ठरणार होते. पिकते तिथे विकत नाही म्हणतात. इथे पीक तिचे आणि दुकान त्याचे. त्याच्या वर्गातून हसण्याचे आवाज येत. तिच्या वर्गात मुले कधी हसली नव्हती. तिच्या पोटात दुखत होते, आणि ते ती स्वतःपाशी नाकारतही नव्हती.

तिने किन्ना बांधला. पतंगाच्या उभ्या काडीला वर एक दोर, खाली एक, दोन्हींची पुढे एक गाठ. खालचा दोर तिने मोजून बोटभर आखूड ठेवला.

गच्चीवर वारा छान होता. सलीलने ढील दिली. पतंग थोडा वर गेला, गरगरला आणि पाण्याच्या टाकीवर आपटला.

"सर, आ तो गोथ मारे छे, गोते खातोय," कोणीतरी म्हणाले. मुले हसली. जयवंतरावांनी घड्याळात पाहिले. निरुपमाला बरे वाटले. उघडच सांगायचे तर आनंद झाला.

सलीलने पतंग उचलला, दोन्ही दोर बोटांनी ताणून पाहिले, मग तिच्याकडे पाहिले.

"मॅडमनी खालचा दोर मुद्दाम आखूड बांधलाय," तो मुलांना म्हणाला. "त्यानं पतंगाचं नाक वर होतं. आणि नाक प्रमाणाबाहेर वर केलं की विमानाचं काय होतं?"

"स्टॉल, उचलच जाते," तीन-चार मुले एकदम म्हणाली.

"बरोबर. आम्हालाही त्या असंच, आधी पाडून शिकवायच्या."

बारा वर्षांत तिने एकदाही पतंग पडू दिला नव्हता. पहिल्या रांगेत बसणाऱ्या सलीलला हे ठाऊक नसणार तर कोणाला?

मुलांनी टाळ्या वाजवल्या. जयवंतरावांनीही.

"वा, निरुपमाबेन, शिष्य शोभतो हो तुम्हाला," ते म्हणाले. "सलील, पुढच्या वर्षीही तूच घे हा कोर्स. मॅडम आहेतच मदतीला."

भांडण तिला जमले असते. ज्याने झाकून घेतले त्याच्याशी भांडायचे कसे?

"आता नीट बांधून द्या, मॅडम," सलील हळूच म्हणाला. आवाजात टोचणी नव्हती. असती तर फार बरे झाले असते.

तिने गाठ सोडली आणि पुन्हा बांधली. पतंग सरळ चढत अलकापुरी भागाच्या दिशेने गेला. मुले माना वर करून बघत राहिली. वारा वाढला तसा हातातला दोरा कमी पडू लागला.

"मॅडम, जरा फिरकी धराल?" सलीलने मागे न बघता विचारले.

तिने पदर खोचला, कठड्यावरची फिरकी दोन्ही हातांत सैल धरली आणि त्याच्या मागे जाऊन उभी राहिली.