टॅपेटची टिकटिक

मेकॅनिक रियाजने आधी इंजिनवर तळवा टेकवला. गार असल्याशिवाय माप खरं येत नाही, म्हणून मोटरसायकल रात्रभर अंगणात उभी होती. मग त्याने वरची दोन झाकणं काढली आणि मापाची पातळ पट्टी टॅपेटच्या फटीत सरकवली. ती सैल हलली; इंजिनची टिकटिक त्या जास्तीच्या फटीचीच होती.

“ताई, हे बिघडलेलं नाय. काकांनीच मुद्दाम सैल ठेवायला लावलं होतं. म्हणायचे, टिकटिक असू दे, घरी कळतं मी आलो ते.”

भाग्यश्रीला ते माहीत होतं. वडील गेल्यापासून ती त्यांच्याच गाडीवरून गंगापूर रोडच्या वाचनालयात कामाला जात होती. संध्याकाळी ती कोपऱ्यावर वळली की टिकटिक घरापर्यंत पोचायची. आई चहा टाकायची, वडिलांच्या कपात दोन चमचे साखर घालायची, न ढवळता, त्यांना लागायची तशी. केसांवरून हात फिरवून दारात यायची. मग मुलीला बघून तिचा चेहरा उतरायचा. सात महिने, रोज.

“मापात बसव,” भाग्यश्री म्हणाली.

“बघा हां. उद्या म्हणाल, रियाजने काकांना गप्प केलं.”

बोलून तोच ओशाळला. खाली मान घालून त्याने दोन्ही स्क्रू बसवले, पट्टी जेमतेम सरकेल इतकीच फट ठेवली, नट आवळले. गाडी सुरू केली तेव्हा नुसती संथ घरघर उरली होती. भाग्यश्री उगाचच पायरीवरचं तेल पुसत राहिली.

संध्याकाळी ती कोपऱ्यावरून चोरासारखी वळली. दारात कोणी नव्हतं. तिला हायसं वाटलं.

आई स्वयंपाकघरात मेथी निवडत बसली होती. कितीतरी दिवसांनी तिने केसांत अबोलीचा गजरा माळला होता.

“तू आलेली कळलंच नाही गं.”

“गाडी नीट करून घेतली, आई.”

“बरं केलंस. रोज माझा घोटाळा व्हायचा. आज मघाशी टिकटिक ऐकली तेव्हा मनात शंकाच आली नाही.”

भाग्यश्रीने ओट्याकडे पाहिलं. ओट्यावर वडिलांचा कप होता. रिकामा. तळाशी साखर साचलेली.

तिने कपाला तळवा टेकवला, सकाळी रियाजने टेकवला होता तसा. कप गार नव्हता.