दाणेबाईंचा तास

"ही वही म्हणायची का?" एका मुलीच्या वडिलांनी वही टेबलावर आपटली. शिक्षकांच्या खोलीतले सगळे एकाएकी फार मन लावून चहा पिऊ लागले. "अख्ख्या तासाला चार ओळी! शेजारच्या वर्गातल्या पोरांनी दुसरी वही घेतली."

"त्या चार ओळी तिच्या स्वतःच्या आहेत," बाई म्हणाल्या. "धडा काय होता ते तिला विचारून तर बघा."

"मी कशाला विचारू? परीक्षा मी घेणार आहे का?"

पालथ्या घड्यावर किती पाणी ओतायचं! बाईंनी वही मिटून त्यांच्या हातात दिली.

इतिहास शिकवणाऱ्या या बाईंना मुलं पाठीमागे 'दाणेबाई' म्हणायची. कारण दर वर्षी पहिल्याच तासाला त्या सांगत, "पाखरू दाणे टिपतं, अंगण उचलून नेत नाही. टिपण काढायचं म्हणजे तेच. आधी पेन खाली ठेवा, ऐका. मग जे हाती लागलं ते आपल्या शब्दांत लिहा." मुलांना ते सहजासहजी जमत नसे. पहिलीपासून त्यांना नुसतं उतरवून घ्यायची सवय. एकदा बाई म्हणाल्या, "थांबा, खडू घेऊन येते," तर निम्म्या वर्गाने तेही लिहून घेतलं आणि एका शहाण्याने त्याखाली रेघ मारली. वर्गात बाई खूप हसल्या. घरी गेल्यावर मात्र त्यांना जेवण गेलं नाही.

वहीवाल्या मुलीला घरी-दारी 'कासव' म्हणत. तिचा हातच सावकाश चालायचा. इतर तासांना फळा पुसला जायचा तेव्हा ती दुसऱ्या ओळीवर असायची, आणि मग बोलणी खायची. दाणेबाईंच्या तासाला मात्र ती हनुवटी हातावर टेकून ऐकत राही आणि शेवटी चार ओळी लिही. एकदा त्या ओळींवरून ती उठून बोलायला लागली, दुष्काळात गाव सोडून गेलेल्या माणसांबद्दल. दाराला कुलूप लावताना त्यांना काय वाटलं असेल, असं तिने विचारलं तेव्हा मागच्या बाकावरची टवाळ पोरंही पुढे सरकून ऐकायला लागली. पुस्तकात कुलूप नव्हतंच. बाईंना वाटलं, चला, नोकरी अगदीच फुकट गेली नाही.

त्याच आठवड्यात मोठ्या बाईंनी बोलावून घेतलं.

"सहामाहीचा निकाल पाहिलात ना? तपासणाऱ्यापुढे छापील उत्तर असतं. त्यातला शब्द दिसला की गुण. तुमची मुलं स्वतःचं डोकं चालवतात आणि तिथेच मार खातात. वहीचेही गुण असतात, बाई. वही भरलेली पाहिजे."

"पण त्यांना समजतंय हो."

"समजू दे की! मी कुठे नको म्हणतेय? उद्यापासून उत्तरं सांगा, मुलं उतरवून घेतील. नाहीतर हा वर्ग दुसऱ्या कुणाला देते. पालक रोज येऊन माझं डोकं खातायत."

घरी धाकट्या बहिणीने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "ताई, सांग ना मग उत्तरं. वर्ग तरी तुझ्याकडे राहील." बाईंनाही तेच पटलं. आपल्या हातून ही मुलं जाऊ नयेत, एवढ्या एका हट्टापायी त्या कबूल झाल्या. माणूस हरतानासुद्धा स्वतःची समजूत किती छान घालतो!

दुसऱ्या दिवशी बाई पुस्तक उघडून उभ्या राहिल्या. "लिहा. दुष्काळाची कारणे. एक."

सगळी डोकी वह्यांवर वाकली. कुणी कुरकुर केली नाही. उलट मुलं सुटल्यासारखी दिसली, हेच बाईंना जास्त लागलं. दारावरून जाताना मोठ्या बाईंनी आत डोकावून मान डोलावली आणि त्या पुढे गेल्या.

दुसरं कारण सांगताना बाईंचं लक्ष गेलं. कासवाने पहिलं वाक्य अर्ध्यात सोडलं होतं. पेन खाली ठेवून, हनुवटी हातावर टेकून ती बाईंकडे बघत होती. आता बाई पुस्तक मिटतील आणि सांगायला लागतील, असा तिचा पक्का विश्वास दिसत होता.

बाई तिच्या बाकापाशी गेल्या.

"ऐकत बसू नकोस गं," त्या हळूच म्हणाल्या. "लिही."

मुलीने खाली मान घालून पेन उचललं. बाईंनी तिच्यासाठी ते वाक्य पुन्हा सांगितलं, एकेक शब्द सुटा करून, स्वल्पविरामासकट.