पायरीवरची मुलगी

उसाच्या फडात बिबट्याचं पिल्लू सापडलं की काय करायचं, हे वनरक्षक क्रांती झोपेतसुद्धा सांगू शकली असती. तोड थांबवायची, दूध पाजायचं नाही, फोटोसाठी मांडीवर तर मुळीच घ्यायचं नाही. जिथं सापडलं तिथंच क्रेटमध्ये ठेवून लांब जायचं, आई येतेच. हातकणंगल्याजवळ शेतकरी कृष्णातच्या फडातही तिनं तेच केलं, पण दोन दिवस आई फिरकली नाही. आज आली नाही तर पिल्लू जन्मभर पिंजऱ्यात जाणार होतं.

तिसऱ्या दिवशी दिवेलागणीला ती आली. जीपमध्ये बसून मोबाइलवर क्रेटजवळ लावलेल्या कॅमेऱ्याचं चित्र बघणाऱ्या क्रांतीला दिसलं, की मादीनं क्रेट कलंडवलं, पिल्लाला हुंगलं, मानेला धरून उचललं आणि ते निमूट लोंबकळत उसात दिसेनासं झालं. क्रांतीला रडूच कोसळलं. मंगळवार पेठेतल्या घरी पोचल्यावर तिनं आईला, झुंबरबाईंना, सगळं रंगवून सांगितलं.

"तू बी तशीच की," झुंबरबाई कौतुकानं म्हणाल्या. "चार वर्साची हुतीस. जोतिबाच्या यात्रेत चुकलीस, पर पायरीवरनं हलली न्हाईस. मी उचलून घेतलं, तर हूं न्हाई का चूं न्हाई."

ही गोष्ट क्रांतीनं शंभरदा ऐकली होती. तिला स्वतःला फक्त गुलाल आठवायचा.

सकाळी ती कॅमेरा उतरवायला गेली, तर कृष्णात बांधावर वाट बघत उभा.

"म्याडम, दुसरी आलीया."

खरंच, पहाटेपासूनच्या चित्रांत एक मादी रिकाम्या क्रेटभोवती घिरट्या घालत होती. गोठ्यात जन्म गेलेल्या कृष्णातनं मोबाइल डोळ्यांजवळ नेला, कालचं चित्रही परत लावून बघितलं.

"हिची आचळं दाटल्यात बघा. कालचीची कोरडी हुती. ती व्यालेलीच न्हवती."

"मग तिनं पिल्लू का नेलं?"

"ते तिलाच ठावं. पर पिल्लू गेलं की मुकाट."

उसातून खरखरीत हाक आली. थांबली, पुन्हा आली. येणारी कोण, हे क्रांतीच्या नियमात कुठंच नव्हतं, आणि इतक्या वर्षांत तिला ते विचारावंसंही वाटलं नव्हतं. ती बांधावर बसली आणि तिनं घरी फोन लावला.

"आई, जोतिबाला मी नेमकी कुठल्या पायरीवर सापडले गं तुला?"

पलीकडं मिक्सर चालू होता. तो बंद झाला. 

"का गं?" झुंबरबाईंनी हळूच विचारलं. "कोन शोधत आलंय व्हय?"